पेंढी न उतरलेल्या बाजाराची बखर

श्रीकुलस्वामिनीचे पायीं मस्तक, समईस वात, आणि मग लेखणीस हात. उत्तरेस पोलंद म्हणोन सपाट मुलूख, तेथील एका लहान बाजारगांवचें वर्तमान जैसें कानीं आलें तैसें लिहिलें असे. गांवाचें नांव लिहिलें नाहीं. नांव लिहिलियास लोक पाहावयास जातील, आणि पाहण्याजोगें तेथें कांहीं उरलें नाहीं.

शके चौदाशें बारा. ते सालीं मुलुखीचे राजे शिकारीहून परततां गांवीं उतरले, आणि गुरुवारचा बाजार होता, आणि दूरदूरचे उदमी दिवस उगवतांच येऊन कांदा, कोबी, लोणी, अंडीं सारें उचलोन गेले होते, आणि गांवच्या बायका रित्या टोपल्या घेऊन चौकांत उभ्या होत्या. राजे पुसते जाहले, "बाजार तुमचा आणि टोपली रिती, हें कैसें?" तेव्हां एक म्हातारी बोलिली, "महाराज, आम्ही गाई पिळून येतों तंव परके पुढें होतात. आम्हांस देंठ राहतात." राजे मनीं द्रवले आणि आज्ञा जाहली कीं, चौकांत उंच खांब रोवावा, आणि गुरुवारीं सूर्योदयीं त्यावर दोरानें गव्हाच्या काडाची पेंढी चढवावी, आणि पेंढी वर असे तंववर गांवकऱ्यांनींच घ्यावें, परक्यानें कांदाही उचलूं नये, आणि माध्यान्हीं पेंढी उतरली म्हणजे मग परक्यांस मोकळीक. आणि पेंढीचा मान त्या म्हातारीचे घरीं वंशपरंपरा दिधला, सासूकडोन सुनेकडे. ऐसा कायदा जाहला आणि गांव पोटभर जेवूं लागलें.

पुढें पश्चिमेचे आळीस क्रूस पूजणारे आणि पूर्वेचे आळीस यहुदी ऐसें गांव नांदत गेलें. हे शुक्रवारीं मांस वर्ज्य करीत आणि ते शुक्रवारीं सांजेस दिवे लावीत. देव्हारे निराळे, परंतु पेंढी एक. खारवलेल्या मासळीवरोन भांडणें होत आणि पुढचे गुरुवारीं तींच माणसें त्याच मासळीपाशीं उभीं राहत. मग शेजारचे बादशहा एकत्र बसले आणि मुलूख भाकरीसारखा मोडोन खाल्ला, आणि झेंडे बदलले, आणि गांव दोन वेळां जळालें. परंतु पहिल्यानें खांब उभा करावा आणि मग घरें, ऐसी रीत होती. एकदां परमुलखीचा घोडेस्वार सरदार, मिशा कानापावेतों, काकड्या घ्यावयास आला. पेंढीच्या मानकरणीनें वर बोट दाखविलें. सरदार घोड्यावरोन उतरला आणि टोपली मांडीवर घेऊन माध्यान्हापावेतों पायरीवर बसोन राहिला. ही गोष्ट गांवांत पोरांस झोंपवितांना सांगत, आणि तेणेंकरोन लोकांचे मनीं पक्कें बसलें कीं, राजे येतील, राजे जातील, पेंढी वर असतां परक्याचा हात चालत नाहीं. गांव बुडालें तें या भरंवशानें.

शके अठराशें एकसष्टांत नवी परकी फौज आली. ती काकड्या मागत नव्हती. तिनें पूर्वेचे आळीस कुंपण घातलें, आणि यहुद्यांचे बाहीवर खूण शिवविली, आणि गुरुवारचा बाजार मात्र राहूं दिला. लोक म्हणाले, पाहा, पेंढीस भितात. तेव्हां पेंढीचा मान झोफिया नामें विधवेकडे होता. बाई नेमाची, पेंढी चढविल्याशिवाय पाणी न घेणारी. तिची सखी झेल्डा, पूर्वेचे आळीची, मासळी विकणारी, तोंडाची तिखट. दोघींचें जन्मभर भांडण आणि जन्मभर मैत्र.

शके अठराशें चौसष्ट, भाद्रपद, बुधवार. दवंडी जाहली कीं, उदईक सकाळीं पूर्वेचे आळीनें चौकांत हजर व्हावें, अन्यत्र कामास नेणें आहे. रानांत लांकडें तोडणारा काझिमिर भला माणूस. त्यानें झेल्डेस गुप्त निरोप दिला कीं, पहांटेस गवताची गाडी कुंपणापाशीं आणितों, तुझी सून रिव्का आणि तान्हें मूल दोघांची जागा आहे, रानांत नेऊन लपवितों. झेल्डा कुंपणाच्या फटीपाशीं येऊन झोफियेस हळूच पुसती जाहली, "अगो झोफे, पोरीला रानांत धाडूं कीं चौकांत आणूं? पोर रडलें रानांत तर गोळी. चौकांत तर..."

"चौकांत आण गो! उद्यां गुरुवार. मी पेंढी चढवत्ये. त्या मिशीवाल्या सरदारानें कांद्याला हात लावला नाहीं कीं काकडीला, हे माणसाला लावतील?"

"मी कांदा नव्हे, बाई."

"कांद्याहून तिखट आहेस. माध्यान्हीं मी पेंढी उतरवायचीच नाहीं, मग?"

झेल्डा हांसली आणि डोळे पुसले. "तुझा शब्द म्हणून आणत्ये हां. चुकलीस तर जन्मभर सडकी मासळी देईन." आणि तिनें काझिमिरास नको म्हणोन सांगितलें. तरी काझिमिर पहांटेस आला, आणि सूर्य उगवे तंव कुंपणापाशीं उभा राहिला, आणि रिती गाडी घेऊन गेला.

गुरुवारीं झोफियेनें अंघोळ करोन, क्रूसाची खूण करोन, पेंढी चढविली आणि दोर हातीं धरिला. पूर्वेची आळी खांबाभोंवतीं येऊन बसली, जैसीं पांखरें झाडाखालीं. मग धूर ओकणाऱ्या मोटारी आल्या आणि शिपाई माणसें चढवूं लागले. झोफिया ओरडली, "पेंढी वर आहे! परक्यानें उचलूं नये! राजाचा कायदा आहे!" शिपायांचा सरदार दुभाष्यास पुसता जाहला, म्हातारी काय म्हणते? दुभाष्यानें सांगितलें. सरदारानें मान वर करोन पेंढीकडे पाहिलें आणि सभ्यपणें म्हणाला, "यंदा गहूं बरा दिसतो." आणि काम पुढें चालविलें. रिव्का तान्ह्यासहित चढली. झेल्डा चढतां मागें वळोन ओरडली, "झोफे, उतरवूं नको गो! उतरवलीस तर ह्यांचें नेणें कायदेशीर होईल!" आणि मोटारी गेल्या. पुढें रेल्वेचे वाटेनें नेलें ऐसें कळलें, आणि पुढचें लिहावया हात उचलत नाहीं.

झोफिया दोर धरोन उभीच. हाताचीं सालटीं निघालीं. तेव्हां पश्चिमेचे आळीचे लोक, हळूहळू, आधीं एक, मग पुष्कळ, पूर्वेचे आळींत शिरले, आणि गाद्या, भांडीं, शिलाईचीं यंत्रें, लेंकरांचे जोडे घेऊन येऊं लागले. शेजारीण मारिआन्ना झेल्डेचे पितळी दिवे पोटाशीं धरोन आली. झोफिया म्हणाली, "अगो, हे तिचे शुक्रवारचे दिवे! ठेव मागें." मारिआन्ना म्हणाली, "मावशे, पेंढी वर आहे ना? मग पहिला हक्क गांवकऱ्यांचा. तूंच सकाळीं ओरडत होतीस." पेंढी उतरवावी तर सखीचें नेणें कायदेशीर होतें, न उतरवावी तर शेजाऱ्यांची लूट कायदेशीर होते. दोन्ही हातीं विस्तव. बाईनें खांबास दोराची गांठ मारिली आणि घरीं जाऊन पालथी पडली.

लढाई सरली आणि फौज गेली. पूर्वेचे आळीचें कोणी परतलें नाहीं. झोफिया जिवंत होती तंव दर गुरुवारीं खांबापाशीं बसे, घेतला वसा टाकिला नाहीं, परंतु पेंढी चढविणें नाहीं, उतरविणें नाहीं. पेंढी वर, म्हणोन परके व्यापारी गांवीं येईनात, बाजार हमरस्त्यावर दुसरे गांवीं भरूं लागला, आणि गांव ओस पडत गेलें. मान पुढें घ्यावयास सून नव्हती. झोफिया वारली तेव्हां शवपेटीच्या फळ्या काझिमिरानेंच तासल्या. इतकीं वर्षें तो तिजशीं बोलिला नव्हता. झांकण ठोकतां येवढेंच म्हणाला, "गाडींत जागा होती, मावशी." पेंढी वाऱ्यानें काडीकाडीनें गेली. दोर अद्याप लोंबतो, आणि त्यास कोणी हात लावीत नाहीं.

सारांश: कायदा खरा होता. परक्यांनीं तो ऐकिला आणि मानिला नाहीं. ज्यांचा तो होता त्यांनीं त्या दिवशीं अक्षरशः पाळिला. कहाणी संपूर्ण, सुफळ ऐसें लिहवत नाहीं. समईंत तेल घातलें असे, झेल्डेचे नांवें.