दारापासून खुर्चीपर्यंत

सर सभागृहाच्या दारातून आत आले, व्यासपीठाकडे चालू लागले, आणि पहिल्या रांगेतले तीन मेंदूविकारतज्ज्ञ एकदमच पुढे सरकून बसले. सरांचा डावा हात हलत नव्हता.

बाकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. सरांचा निरोपसमारंभ होता आणि लोकांचं निम्मं लक्ष मागच्या चहा-कॉफीच्या टेबलाकडे होतं. पण हे तिघे सरांच्या हाताखाली घडलेले. सरांच्या जुन्या खोलीत दारापासून पेशंटच्या खुर्चीपर्यंत बरोबर अकरा पावलं पडत. सर म्हणायचे, "अकरा पावलांत अर्धं निदान झालं पाहिजे. उरलेलं अर्धं पेशंट सांगतो." मग पेशंट कसा वळला, पाय कुठे घासला, हात किती हलले, असे प्रश्न सुरू व्हायचे आणि उत्तर चुकलं की हातातला हातोडा डोक्यावर टक्कन बसायचा. गुडघे ठोकायचा तोच हातोडा, लोखंडी दांड्याचा, गोल डोक्याला रबराची कडी असलेला. तिघांचेही केस आता पिकले होते, पण ती टक्क त्या केसांखाली अजून शाबूत होती.

सरांनीच त्यांची नावं पाडली होती. पेशंट बसायच्या आत रोग सांगून टाकणारा तो घाई. स्वतःच्या नाडीवरही चटकन विश्वास न ठेवणारी ती शंका. आणि आधी मेंदूचं चित्र दाखवा, मग बोलतो, म्हणणारा तो फोटो. आता तिघांची मोठी नावं होती, दारावर पाट्या होत्या, पण इथे आले की ते घाई, शंका आणि फोटोच असत.

"कंपवात," घाई पुटपुटला.

"अरे, बसू तरी दे त्यांना," शंका म्हणाली. "खांदा दुखत असेल. कुशीवर झोपले असतील."

"चेहरा बघ. अध्यक्ष एवढं कौतुक करतायत आणि सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही."

"अध्यक्षांचं भाषण ऐकून माझीही हलत नाहीये," शंका म्हणाली खरी, पण तिने घड्याळ लावून सरांच्या पापण्या मोजायला घेतल्या. मिनिटाला चार. एरवी माणसाच्या पंधरा-वीस वेळा तरी मिटतात, आणि सर तर दाराकडे टक लावून होते.

भाषणं संपली. घाई धावत व्यासपीठाशी गेला आणि पायऱ्या उतरताना आधार द्यायच्या निमित्ताने त्याने सरांचा डावा हात धरला. सरांनी तो झटकन सोडवून घेतला. परत आला तेव्हा घाईचा चेहरा उतरला होता.

"लाकूड झालंय हाताचं. मनगट जराही वाकत नाही."

मग शंकाने कॉफीचा कप नेऊन सरांच्या नाकाखाली धरला. या आजारात वास आधी जातो. "सर, वास कसाय?"

"कसला वास? काही नाही येत," असं म्हणत सरांनी उजव्या हाताने कप घेतला आणि त्यांची नजर पुन्हा दाराकडे गेली. दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. सरांबरोबर तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या या बाईंच्या हातात आज यादी होती आणि पायाशी खोकं. निवृत्त होणाऱ्याने दवाखान्याची प्रत्येक वस्तू जाताना परत करायची, असा नियम. सरांचा कोट, किल्ल्या, विजेरी, सगळं त्या खोक्यात जाऊन पडलं होतं.

शंकाने दुसरा कप उचलून स्वतः हुंगला. तिलाही वास आला नाही. पण कँटीनच्या कॉफीला तिच्या विद्यार्थिदशेतही वास नव्हता, त्यामुळे ही तपासणी बाद धरावी लागली.

तेवढ्यात फोटोने तिचा दंड दाबला. "मूठ बघ."

खुर्चीत बसलेल्या सरांची डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती आणि अंगठा आतल्या आत, गोळी वळावी तसा, सारखा फिरत होता. आता शंकालाही शंका उरली नाही. ज्या माणसाने आपल्याला पाहायला शिकवलं, त्याच्यातच हे पाहायची वेळ यावी, याचं तिघांनाही रडू यायला लागलं.

"एमआरआयचं मशीन रिकामं आहे, मी फोन केलाय," फोटो म्हणाला. "घेऊन चला. काहीही सांगा."

"सर, नवीन मशीन आलंय, बघायला येताय?" घाईने विचारलं. मशीन म्हटलं की नाक मुरडणारे सर चक्क उठले.

"मागच्या दाराने जाता येतं ना रे तिकडे?" त्यांनी हळूच विचारलं.

मशीनच्या खोलीपाशी तंत्रज्ञाने अडवलं. "अंगावर लोखंडी काही असेल तर काढा, सर. चुंबक आहे आत." आणि त्याने हातातली तपासणीची दांडी सरांच्या अंगावरून फिरवली. डाव्या बाहीपाशी ती किंचाळली.

"घड्याळ असेल," सर म्हणाले. घड्याळ उजव्या हातात होतं.

"आणि मला कशाला तपासताय? आजारी कोण आहे इथे?" ते डाफरले.

तिघांनी माना खाली घातल्या. "सर... तुम्ही," फोटो म्हणाला.

"कशावरून?" सर ताठ उभे राहिले. "लक्षणं सांगा. एकेकाने."

तीस वर्षं मागे गेल्यासारखे तिघे रांगेत उभे राहिले. हात हलत नाही. पापण्या मिनिटाला चार. हात ताठ. अंगठा गोळी वळतोय. सांगता सांगता घाईचा आवाज फुटला.

सरांचा चेहरा मात्र उजळत चालला. "हात हलत नाही हे कितव्या पावलाला दिसलं?"

"तिसऱ्या," तिघे एकदम म्हणाले.

"शाब्बास! आणि पेशंटला विचारलंत, काय होतंय म्हणून?"

घाईने शंकाकडे पाहिलं, शंकाने फोटोकडे, फोटोने मशीनच्या दाराकडे.

सरांनी मुठीत डोकं लपवलेला तो हातोडा बाहीतून बाहेर ओढला. मुठीतल्या रबरी कडीवरून त्यांचा अंगठा अजून फिरतच होता. "माझ्याने देववेना रे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं हातात आहे हा."

"सापडलात!"

मोठ्या सिस्टर धापा टाकत दारात उभ्या होत्या. सरांनी निमूटपणे हातोडा पुढे केला. मूठ मात्र सुटेना.

"हे काय?" सिस्टरनी यादी वर केली. "हातोडा नाहीच यादीत. हरवला म्हणून मी बारा वर्षांपूर्वीच लिहून टाकलंय. तुम्ही तो देणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. सकाळपासून तुमच्यामागे फिरतेय ते हे द्यायला, तर तुमचं तोंड सारखं दुसरीकडे." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत रबराची नवी कडी होती. "जुनी चिरलीय."

सरांनी कडी घेतली. खिशात जपून ठेवली. ते वळले आणि लांबलचक कॉरिडॉरमधून चालू लागले. आता दोन्ही हात छान हलत होते. तिघे सवयीने पावलं मोजत होते. अकराव्या पावलाला सर थांबले आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"सर रडतायत," घाई म्हणाला.

"विचारलंस?" शंका म्हणाली.

घाई धावला, पण जवळ गेल्यावर त्याने घाई केली नाही. सरांच्या शेजारी नुसता उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "काय होतंय, सर?"

सरांनी डोळे पुसले, भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि बाजूची जागा हातोड्याने टकटक करून दाखवली.

"बस," ते म्हणाले. "सांगायला वेळ लागेल."