सायकलवरचं पाणी

आमच्या अंगणात आड होता, गोड पाण्याचा. आणि आमचा भाडेकरू दशरथ रोज शहरातून सायकलला पत्र्याचा डबा बांधून पाणी आणायचा.

तेव्हा सावेडीत मोजकी घरं, बाकी ज्वारीची शेतं. एकट्या पोराला कुणी खोली देत नसे. मी विधवा, भाड्याची गरज होती, म्हणून दिली. पारनेरकडचा, कचेरीत कारकून, वय पंचविशीचं. आडनाव आमच्यातही असणारं, त्यामुळे पुढं काही विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "आडावर पोहरा आहे, घे शेंदून."

"नको काकू. मला नळाचंच पाणी मानवतं."

"त्याला तर औषधाचा वास येतो."

"आपलं आपण बरं असतं," तो म्हणाला. त्याला काहीही विचारा, शेवटी हेच.

डबा वाटभर हिंदकळायचा. त्याची विजार मागून कायम ओली. शेजारची कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायची. "त्याची आतडी काय सोन्याची हायती का?"

"सोवळ्याचं खूळ आहे," मी सांगायचे. मला तसंच वाटत होतं. भाजी द्यायला गेलं तर माझी वाटी हातात घ्यायचा नाही, आपलं ताट पुढं धरायचा. "ह्यातच टाका." मला राग यायचा. आमच्या भांड्यांचा याला विटाळ होतो की काय? मी त्याचं नाव सोवळेबुवा पाडलं. भर रस्त्यात हाक मारायचे, "काय सोवळेबुवा, आलं का तीर्थ?" तो हसायचा आणि सायकलची घंटी वाजवायचा.

रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यावर बसायचा. जायचं कुठंच नसायचं, यायचंही कुणी नसायचं. दुपारी शर्ट काढून घडी घालून ठेवायचा.

मग दुष्काळ पडला आणि आड आटला. दशरथ दोन डबे आणू लागला. शहरात नळावर तासभर रांग, तरी दुसरा डबा न सांगता माझ्या दाराशी ठेवायचा. चार महिने मी ते पाणी प्याले, त्यात डाळ शिजवली, देव धुतले. कौसाबाई म्हणायची, "आता तुमी बी सोवळ्या झाल्या."

एका रविवारी तो पाण्याला गेला असताना एक म्हातारी गाठोडं घेऊन आली. ओटा रिकामा होता, पण ती खाली उन्हात, मातीत बसली.

"दशरथाची आई हाय मी. वाईच पानी वता, बाई." आणि तिनं मान खाली घालून ओंजळ पुढं केली.

त्या ओंजळीवरून मला कळलं. माझ्या माहेरी गावकुसाबाहेरच्या बायका विहिरीपासून लांब अशाच बसायच्या आणि आम्ही वरून ओतायचो. पोरगा आडाला का शिवला नाही, ताट का धरायचा, सगळं एकदम उलगडलं. तो शिवला असता आणि मागून मला समजलं असतं, तर मी त्याचं सामान रस्त्यावर टाकलं असतं. खोटं कशाला लिहू?

मी आत जाऊन तांब्या भरला. पाणी त्यानंच आणलेलं. बाहेर आले आणि माझा हात वर गेला, तिच्या बोटांना तांब्या लागणार नाही इतका वर. ती पोटभर प्याली. मी मान वळवली तर फाटकात दशरथ सायकल धरून उभा.

"आई, उन्हात कशाला बसलीस?" एवढंच म्हणून तो तिला खोलीत घेऊन गेला.

संध्याकाळी डबा ठेवायला आला. आता हा बोलणार, म्हणून मीही तयारीत होते.

"काकू, आई म्हणत होती, बाई चांगली हाय. असल्या टंचाईत पानी दिलं."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण तो खरंच आईचा निरोप सांगत होता. मी "बरं" म्हणाले.

महिनाअखेरीस त्यानं खोली सोडली. दुसरी कुठं मिळाली का, तेही मी विचारलं नाही. मला बोलायला तोंड नव्हतं, असं मी कौसाबाईला सांगितलं. खरं तर तो वळणापलीकडं गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.