नूतनला प्रयुक्त मिळेना

नूतननं बी.ए.ला अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे तिन्ही विषय एकदम घेतले, तेव्हा सोनगीरजवळच्या तिच्या गावात कुणालाच काही उमगलं नाही. ती मात्र छातीठोकपणे सांगायची, "अर्थशास्त्रानं पैसा कळतो, मानसशास्त्रानं माणूस कळतो, आणि दोन्ही नाही कळले तर तत्त्वज्ञान आहेच!" हे तीन विषय पचवलेल्या माणसाला कशाची भीती म्हणून उरत नाही, असंही ती म्हणायची. आता शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिकाचं नुसतं नाव काढलं, तरी ती घाईघाईनं विषय बदलायची.

कारण मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची एक गंमत असते. ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस परीक्षार्थ्यानं स्वतःच घेऊन जायचा. पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयुक्त नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर जळगावला एम.ए. नाही. तिच्या वडिलांनी, म्हणजे अभिमन आबांनी, साफ सांगून ठेवलं होतं की तिन्ही विषय एका दमात सुटले तर जळगाव, नाहीतर दोंडाईच्याला मावशीच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं. गिरणीबद्दल नूतनची तक्रार नव्हती, मावशीबद्दल होती.

तसा प्रयुक्त तिनं महिनाभर आधी हेरून ठेवला होता. शेजारच्या कमलअक्का. सराव म्हणून एका संध्याकाळी तिनं अक्कांवर स्मरणाचा प्रयोग केला. त्यात दहा निरर्थक शब्द एकेक करून दाखवायचे, समोरच्यानं ते ओळीनं म्हणायचे आणि किती फेऱ्यांत पाठ होतात ते मोजायचं. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून शब्द मुद्दाम बिनअर्थाचे. अक्का हौशी. ओसरीवर मांडी ठोकून त्यांनी 'घुफ, झोम, ठीभ, ढेव, फाण' असा खणखणीत सपाटा लावला. समोरच त्यांची म्हैस बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीनं बादलीला लाथ मारली आणि दुधाचा थेंब दिला नाही.

पारडू सुटलं होतं आणि आधीच आईला लुचून बसलं होतं, एवढीच ती गोष्ट. पण अक्कांच्या डोक्यात पोरीचा मंतर बसला, आणि दुपारपर्यंत तो अख्ख्या गावाच्या डोक्यात बसला. तरी नूतन गप्प राहिली असती तर निभावलं असतं. ती समजावायला गेली. पारावर उभी राहून तिनं आधी तत्त्वज्ञान काढलं. म्हणाली, त्या शब्दांनी दूध आटलं असं सिद्ध करता येत नाही, आणि आटलं नाही असंही सिद्ध करता येत नाही. गावानं पहिलं अर्धं वाऱ्यावर सोडलं आणि दुसरं घट्ट धरून ठेवलं.

मग घाबरून तिनं अर्थशास्त्राकडे धाव घेतली. चिंता म्हशीची नको, पुरवठ्याची करा. दूध कमी पडलं की भाव चढणारच, असं ती बोलून गेली. डेअरीवाला पितांबर तिथंच उभा होता. ही कल्पना त्याला फार आवडली आणि त्यानं त्याच संध्याकाळी भाव चढवला. पोरगी बोलली आणि तसंच झालं! आता उरलं होतं मानसशास्त्र. रडकुंडीला येऊन ती म्हणाली, भीती तुमच्या मनात आहे, मला ती स्पष्ट दिसते आहे. त्या दिवसापासून ती दिसली की बाया पोरांना घरात ओढायच्या, आणि पारावरचे बापे मनात काही येऊ नये म्हणून मोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

अशा गावात प्रयुक्त कोण होणार? धुळ्याच्या कॉलेजातली मैत्रीण नाजमीन, तिचा भाऊ मोईज कबूल झाला होता. पण सोनगीरच्या स्टँडवर चहा पिताना त्याच्या कानावर म्हशीची हकिकत गेली, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला सणकून ताप भरला. राहिले आबा.

आबा म्हणजे शेपटी धरून साप उचलणारा माणूस. लेकीसाठी तयार झाले खरे, पण धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या कपाळावर घाम डवरला. डोक्यातून जे काढतात ते परत ठेवतात का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नूतन त्यांना धीर देणार होती, पण तिचेच दात वाजत होते. बापलेक एकमेकांचा हात धरून धुळ्याला उतरले.

परीक्षेला जळगावहून बाहेरच्या मॅडम आल्या होत्या. चष्म्याआडून बघायच्या तेव्हा आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं. प्रयोगाची चिठ्ठी उचलायची होती. नूतननं उचलली आणि निघाला स्मरणाचा प्रयोग! विभागात शब्दांची यादी एकच, वर्षानुवर्षांची; अक्कांवर सरावाला वापरलेली तीच. छोट्या खिडकीतून एकेक शब्द दाखवणारं गोल यंत्र तिनं आबांसमोर ठेवलं. खिडकीत 'घुफ' आलं. आबांनी डोळे मिटले आणि ओठ असे आवळले, की मिशा नाकाला टेकल्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. नूतन रडायच्या बेतात होती. ती हलकेच म्हणाली, "आबा, बोला. नाहीतर माझं सगळं संपलं."

आबांनी डोळे उघडले. साप धरतानाही पांढरा न पडलेला तो चेहरा पांढराफटक झाला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं, आणि दुसरा शब्द दिसायची वाट न बघता दहाच्या दहा शब्द ओळीनं, एका श्वासात म्हणून टाकले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. शब्द आधीच फुटलेत, ही उघड कॉपी आहे, आता वर कळवावं लागेल, असं त्या थंडपणे म्हणाल्या. नूतनच्या डोळ्यांपुढे गिरणी गरगर फिरायला लागली. तेव्हा आबाच उठले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरना काही दोष नही. चुकीसन बी तोंडमा येवाले नको, म्हनीसन बठ्ठा गावनी पाठ करी ठेयेल शे."

मग नूतननं म्हशीपासून मोईजच्या तापापर्यंत सगळं सांगितलं. निरर्थक शब्द पाठ व्हायला अवघड असतात असं पुस्तकात आहे, पण त्यांच्यामागे भीती लावली तर अख्खं गाव एका रात्रीत पाठ करतं, हेही ती बोलून गेली. मॅडमची भिवई वर गेली. निष्कर्ष चांगला आहे, म्हणाल्या, पण मुलीच्या वडिलांची अंधश्रद्धा आधी गेली पाहिजे. त्यांनी यादी हातात घेतली.

"नका म्हनू, बाई," आबा कळवळून म्हणाले.

मॅडमनी ठासून, एकेक अक्षर सुटं करत, दहाही शब्द वाचले. दहावा संपला आणि पंखा थांबला. उन्हाळ्यात धुळ्यात वीज जाते, त्यात नवल नाही, मॅडम हसल्यादेखील. इतक्यात टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. जळगावहून यजमान बोलत होते. घरची पाण्याची मोटर आत्ता, मिनिटभरापूर्वी, जळाली होती.

मॅडमनी फोन ठेवला. यादी उलटी केली, तिच्यावर डस्टर ठेवलं, आणि बराच वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी गुणपत्रक ओढून चाळीसपैकी अडतीस लिहिले. खरं तर गुण परीक्षार्थ्याला दाखवायचे नसतात. पण त्यांनी कागद हळूच नूतनपुढे सरकवला आणि अगदी दबक्या आवाजात विचारलं, "ताई, एवढे पुरतील ना?"