शेळीच्या पोटातलं लायसन

भुजंग गुरुजींनी अखेर आपली शेळी सूर्यभान गवंड्याला कायमची देऊन टाकली. वाचकांनी हे लगेच विसरावं, कारण १९७४ सालच्या त्या सोमवारी सकाळी आठ वाजता असलं काहीच झालेलं नव्हतं. शेळी गुरुजींचीच होती आणि त्यांच्या मागोमाग येऊन सूर्यभानच्या ओसरीवर उभी राहून शांतपणे काहीतरी चघळत होती.

"काय खायलीय रे ती?" गुरुजींनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

सूर्यभाननं रेडिओकडे पाहिलं. त्याचं चामड्याचं कव्हर निम्मंच उरलं होतं. "कवर खाल्लं वाटतं."

"कवर मी देतो. परभणीहून आणतो, याच्याहून भारी."

"राहू दे, भुजंगा. कवराचं काय येवढं," म्हणत सूर्यभाननं कव्हराच्या कप्प्यात हात घातला. हात पलीकडून बाहेर आला. त्यानं कव्हर उलटं करून झटकलं.

"लायसन होतं त्यात."

रेडिओचं लायसन म्हणजे पोस्टाचं लहानसं पुस्तक. दर वर्षी त्यात तिकिटं चिकटवायची. पुस्तक नवंही मिळतं. पण हे कस्तुराबाईच्या, म्हणजे सूर्यभानच्या बायकोच्या नावाचं होतं. तिनं कापूस वेचून रेडिओ घेतला आणि "माह्या पैशाचा, माह्याच नावानं" म्हणत पुस्तकावर अंगठा न देता सही ठोकली. सही गुरुजींनीच तिला प्रौढांच्या वर्गात शिकवली होती. जन्मात केलेली ती एकच सही. गेल्या पोळ्याला कस्तुराबाई वारली, तेव्हापासून सूर्यभान रोज बातम्यांच्या आधी पुस्तक उघडून ती सही बघायचा.

गुरुजी तडक उठले. "चल पोस्टात," ते म्हणाले. शेळीही सोबत घेतली, मुद्देमाल म्हणून.

पोस्टमास्तर दिनकरराव नियमाचे पक्के. "फाटलं असेल तर तुकडे आणा. जोडून घेऊ."

"तुकडे हायेत ना साहेब," सूर्यभान म्हणाला.

"मग द्या."

सूर्यभाननं खिडकीबाहेर बांधलेल्या शेळीकडे बोट केलं. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेळीच होती.

"नवं काढून देतो, तुमच्या नावानं. फी भरावी लागेल."

"मी भरतो," गुरुजी म्हणाले.

"माह्या नावाचं घेऊन काय करू? तिची सही पायजे."

"मग बाईंना घेऊन या."

गुरुजींनी नुसती नकारार्थी मान हलवली. दिनकररावांना जरा उशिरा उमगलं. त्यांनी उगाच शिक्के सरळ केले. "नियमात बसत नाही, गुरुजी," ते हळू आवाजात म्हणाले. "पण अर्ज करा. अर्ज घेणं नियमात बसतं."

बाहेर बाकावर बसून सूर्यभान शेळीच्या पोटावरून हात फिरवत होता. "आत हाय ना रे अजून?"

गुरुजी शाळेत शरीरशास्त्रही शिकवायचे. उद्या सकाळपर्यंत त्या पुस्तकाचं काय होणार हे त्यांना पाठ होतं. "हाय की," ते म्हणाले. "जाते कुठं?"

"मग आजच्या दिवस राहू दे हिला माह्याकडं."

"आजच्या दिवस कशाला? कायमची ठेव."

"येडा का काय? चहाला दूध कुठून आणशील?"

"तुह्याकडं येईन की रोज सकाळी. तसाबी एकटाच बसतोस."

सूर्यभाननं शेळीचं दावं आपल्या मनगटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "लिही अर्ज. मी सांगतो."

गुरुजींनी कागद मांडीवर घेतला आणि त्याचं बोलणं सरकारी भाषेत उतरवलं:

'मे. पोस्टमास्तर साहेब यांस, विनंती अर्ज ऐसा जे, कालकथित कस्तुराबाई यांचे लायसन सहीसह सदर शेळीत जमा आहे. तरी यापुढे सदर शेळीसच लायसन समजण्यात यावे, दर वर्षीची तिकिटे तिच्या पाठीवर चिकटविण्यात यावीत, व त्यावर शिक्का हलक्या हाताने मारण्यात यावा, ही नम्र विनंती.'