निवेसची लाल छत्री

"त्या दिवशी तीन बोटी लागणार आहेत," देसा फोनवर म्हणाली. "चर्चमध्ये काळं कुत्रं फिरकायचं नाही. प्रार्थना रविवारी ठेवू या."

"ती अकरा तारखेला गेली," लुको म्हणाला.

"तिला तिकडे कॅलेंडर दिलंय का?"

"मला दिलंय ना."

देसा ही लुकोच्या बायकोची, निवेसची, थोरली बहीण. तिचं चूक नव्हतं. पर्यटकांची मोठी बोट लागली की दुब्रोवनिकमध्ये कुणाला मरायलाही फुरसत नसते. कुणी आइस्क्रीम विकतं, कुणी गाडी चालवतं, कुणी भाड्याच्या खोल्यांच्या चादरी धुतं. खुद्द निवेस सव्वीस वर्षं अशा दिवशी कुणाच्या प्रार्थनेला गेली नव्हती. ती लाल छत्री उंच धरून बोटीवरच्या लोकांना गाव दाखवत असायची. तेव्हा दोष कुणाला देणार? लुकोची इच्छा एवढीच होती, की तिच्या वर्षाच्या प्रार्थनेला चार माणसं असावीत. पाद्रीबाबांना सगळं प्रवचन त्याच्या एकट्याच्या तोंडाकडे बघून करावं लागू नये.

लुको बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दर एप्रिलला हंगाम सुरू झाला की निवेस म्हणायची, "एकदा माझ्याबरोबर फिर. मी काय सांगते ते ऐक तरी." लुको म्हणायचा, "मी इथंच जन्मलो. मला काय दाखवणार तू?" असे सव्वीस एप्रिल गेले. सत्ताविसाव्याला विचारायला ती नव्हती.

अकरा तारखेला सकाळी पाऊस आणणारा दक्षिणेचा वारा सुटला. देसाचा परत फोन आला. "छत्री घे. ओल्या कोटात माझ्या शेजारी बसू नकोस." लुकोची छत्री फेब्रुवारीत बसमध्ये राहिली होती. दाराआड एकच होती, निवेसची. त्याने ती घेतली.

गावाच्या दरवाजात मुंगीला शिरायला जागा नव्हती. छत्री आडवी धरली तर कुणाच्या तरी पोटात जाईल, म्हणून लुकोने ती सरळ वर केली. दरवाजातून आत येऊन तो मोठ्या कारंज्यापाशी पोचतो तोच हॅट घातलेला एक उंच म्हातारा त्याच्यासमोर आला. त्याच्या छातीवर नऊ नंबरचं स्टिकर होतं. हातातल्या कागदावर बोट ठेवून तो म्हणाला, "निवेस?"

वर्षभर गावातल्या कुणी लुकोपुढे हे नाव घेतलं नव्हतं. लोक 'ती', 'तुझी मंडळी' असं म्हणून वेळ मारून नेत. लुकोने मान हलवली आणि छातीवर हात ठेवला. निवेस माझीच, असं त्याला म्हणायचं होतं.

म्हाताऱ्याने मागे वळून हात केला. कारंज्याच्या पायऱ्यांवरून छातीवर तोच नऊ नंबर लावलेली चाळीस माणसं उठली.

लुकोने ते पाहिलं नाही. तो सूचनांच्या फळ्याकडे गेला. मयताचे कागद तिथे लागतात आणि वर्ष झालं की फोटोसह पुन्हा लागतात. निवेसचा कागद होता, पण मासळीच्या जत्रेच्या जाहिरातीने अर्धा झाकला होता. लुकोने जाहिरात सोलून काढली. मागून खटखट आवाज आला. चाळीस फोन निवेसचा फोटो काढत होते.

"काय लुको," बाजूची भाजीवाली स्ताने म्हणाली, "या वयात नोकरी धरलीस?"

"कसली नोकरी?"

"मागं बघ की."

लुकोने मागे पाहिलं. सगळे हसले. लुकोला इंग्रजीचे पाच शब्द येत होते: यस, प्लीज, स्लो, डिझेल आणि नो प्रॉब्लेम. 'मागे फिरा' यात कुठेच बसत नव्हतं.

"नो प्रॉब्लेम," तो म्हणाला आणि भराभर चालू लागला.

"नो प्रॉब्लेम," ते म्हणाले आणि भराभर निघाले.

तो बोळात वळला, ते वळले. त्याने गावातलेच लोक वापरतात तो पायऱ्यांचा उभा रस्ता धरला. इथे तरी दमतील असं त्याला वाटलं. पण दमला तो. मधल्या कट्ट्यावर तो बसला, तशी खालपर्यंत चाळीस माणसं सुस्कारा सोडून बसली.

"निवेस इथंच बसायची," लुको म्हणाला. कुणाला कळणार नव्हतं म्हणूनच म्हणाला. "तिचा गुडघा दुखायचा. लोकांना सांगायची नाही. म्हणायची, इथून छपरं बघा." त्याने हात केला. सगळ्यांनी छपरांकडे पाहिलं. लुकोनेही पाहिलं. या कट्ट्यावरून तो अडुसष्ट वर्षं ये-जा करत होता. छपरं खरंच बघण्यासारखी होती.

अकराच्या प्रार्थनेला दहा मिनिटं होती. यांना परत दरवाजाशी सोडायला गेलं तर प्रार्थना चुकणार. इथेच सोडलं तर ही माणसं बोळाबोळांतून भटकणार. सव्वीस वर्षांत निवेसचा एकही माणूस हरवला नव्हता. लुको उठला, त्याने छत्री वर केली आणि म्हणाला, "प्लीज. स्लो."

लहानशा चर्चमध्ये देसा पहिल्या बाकावर होती. मागे दोन म्हाताऱ्या. बाकी बाकांवर देसाने जागा धरायला आपली पर्स, स्वेटर आणि हातमोजे पसरून ठेवले होते. तिने वळून पाहिलं.

"लुको, हे कोण?"

"तिची माणसं आहेत."

"कुणाची?"

"निवेसची."

देसाने छत्रीकडे पाहिलं. मग तिने आपलं सामान उचलायला सुरुवात केली. जागा पुरली नाही, दहाजण भिंतीला टेकून उभे राहिले. फादर बाल्दो दहा मिनिटांत उरकायच्या बेताने आले होते. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि निवेसबद्दल पुरी वीस मिनिटं बोलले. बाकांवरची माणसं देसा उठली की उठत होती, देसा बसली की बसत होती. देसाचा गुडघाही फारसा बरा नव्हता, पण आज ती एकदाही चुकली नाही.

प्रार्थना संपली की घरचे दारापाशी उभे राहतात आणि आलेले लोक हात हातात घेऊन जातात. दोन म्हाताऱ्यांनी तसं केलं. हॅटवाल्याने ते पाहिलं. बाहेर पडायची इथली हीच रीत असणार असं समजून त्याने हॅट काढून लुकोचा हात धरला. त्याच्या मागे रांग लागली. एक बारीकशी बाई मेणबत्तीजवळचा फोटो बघून आली होती. मघाशी फळ्यावर तिने तोच पाहिला होता. तिने लुकोचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली.

"यस," लुको म्हणाला. "यस."

तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत दारात आली. नव्या गाईडांपैकी ही टोंका, हिला निवेसने शिकवलं होतं. तिच्या हातात नऊ नंबरची निळी पाटी होती.

"लुकोकाका, माझी बस पुलावर अडकली. ऑफिसवाले अजून जुनाच कागद छापतात हो. गाईड निवेस, लाल छत्री. किती वेळा सांगितलं बदला म्हणून. ही माझी माणसं आहेत."

"थांब जरा. अजून निम्मे राहिलेत."

टोंकाने आत पाहिलं. मग पाटी दाराबाहेर ठेवून तीही रांगेच्या शेवटी उभी राहिली.

सगळे बाहेर पडल्यावर हॅटवाला परत आला. कागदाच्या खालच्या भागात त्याने पेनने काही लिहिलं होतं. तो भाग फाडून त्याने लुकोच्या हातात दिला, हॅटला हात लावला आणि निळ्या पाटीमागे जाऊन उभा राहिला.

"काय लिहिलंय?" देसाने विचारलं.

टोंकाने जाता जाता वाचून दाखवलं. "वर छापलंय, गाईड निवेस, कसं वाटलं? खाली लिहिलंय, सगळं छान. फक्त गाईडचं बोलणं फार कमी."

देसाने लुकोकडे पाहिलं. लुकोने देसाकडे. निवेसबद्दल ही तक्रार जन्मात कुणी केली नव्हती. आधी देसा हसली, इतकी की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. मग तिने हातमोज्याने डोळे पुसले.

"दे, फ्रेममध्ये लावू," ती म्हणाली.

"नको," लुको म्हणाला. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "संध्याकाळी फुलं घेऊन तिच्याकडे जातोय. तिला वाचून दाखवतो."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. लुकोने छत्री उघडली. ती त्याने आधी देसाच्या डोक्यावर धरली.