थंड झाल्यावर टाक

आमचे शिवलिंगाप्पा रोज सकाळी शेततळ्यातला एक मासा जाळीत धरायचे, कल्ला उचलून आत बघायचे आन् इचारायचे, "कसं हाय बाबा?" मासा काय बोलणार? मग राहिलेलं मला बोलायचे.

आप्पा लिंगायत. मासा कधी जिभेला लागला न्हाई. तळं केलं कांद्यासाठी, मासे सोडले कुणीतरी सांगितलं म्हणून, आन् त्यातच जीव गुतला. मी माशाचा खुराक शिजवायच्या कामाला. शाळेत मी दोन दिवस गेलो, त्यातला एक रविवार निघाला.

त्या वर्षी दुष्काळ. तळ्याचं पाणी कमरेला आलं. चाकूरच्या हाटेलात लोक नवा जिल्हा कुठं व्हनार म्हणून भांडून राहिले, आन् आप्पांचं एकच. "पाणी आटलं की मासा घाबरतो, घाबरला की रोग धरतो. ताकद आतून पायजे." त्यासाठी शिजलेल्या कोंड्या-पेंडीत सी जीवनसत्त्वाची भुकटी घालायची. दिवसातून दहा बार सांगायचे, "थंड झाल्यावर टाक." माझे कान किटले.

मला वाटलं, कच्चं खाल्लं की माझं पोट बिघडतं, माशाचं न्हाई का बिघडणार? महिनाभर मी भुकटी पेंडीसंगंच रटरट उकळली. माया केली मी.

बांधावर आप्पांची लिंबोणी हुती, हात धुतलेल्या पाण्यावर जगवलेली. चार लिंबं धरलेली. एक मागितलं तर म्हणले, "भुकटी संपली तर माशाला लागतील."

मग माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. तीन मेले. आप्पांनी जेवण सोडलं. "माझंच कायतरी चुकलं," म्हणून बांधावर बसायचे. ते मला बघवंना.

"आप्पा, भुकटी म्या उकळत हुतो."

"गाढवा, उकळल्यावर तिच्यात काय राहतंय? महिनाभर नुसता कोंडा चारलास."

"हाव."

"हाव काय?"

आता हाकलतेत, मला वाटलं. तोंड खारट झालं तसा मी बाजूला थुंकलो. थुंकीत रगत.

"हे कवापासून?"

"हिरड्या हायत, आप्पा. दोन महिने झाले. भाजीपाला कुठाय? मीठ-भाकर चालू हाय."

"तोंड उघड."

कल्ला उचलावा तसा त्यांनी माझा ओठ उचलला, आत बघितलं. "कसं हाय बाबा?"

तोंडात त्यांचं बोट. मी काय बोलणार?

आप्पा लिंबोणीकडं गेले. चारी लिंबं तोडून माझ्या हातात दिली.

"आन् माशाला?" मी म्हणलं.

"पुडीत उरली तेवढ्यात बघतो. भुकटी आता मीच टाकीन." चार पावलं जाऊन परत फिरले. "हे तरी उकळू नको."