मामाच्या गाडीचा डिफ्रॉस्टर

"मामा काय एस.टी.नं जाईल? तेजस्विनीचा मामा स्वतःच्या गाडीतून उतरेल, भाचीचा हात धरेल आणि तिला बोहल्यावर नेईल. बस्स!"

चांगदेवमास्तरांनी महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. अठ्ठ्याण्णव साल. जुन्नरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं मोटार बाळगणं म्हणजे दोन खोल्यांच्या घरात हत्ती पाळणं! हत्तीही तिसऱ्या मालकाकडून आलेला.

लग्न कळंबला, मुहूर्त सकाळी नऊचा. धाकट्या बहिणीनं, बयानं, निरोप धाडला होता, "दादा, वेळेत ये रे. मांडवात माझ्या मामाचाच हात धरून जाणार म्हणते पोरगी. लहानपणापासून तेच घोकतेय."

मामा एकच. त्यामुळे काळजी दुप्पट!

गाडीत दोष म्हणावा असा एकच होता. थंडीत समोरच्या काचेवर आतून वाफ धरायची आणि ती घालवणारा डिफ्रॉस्टर चालत नव्हता. पंखा मांजरासारखा गुरगुरायचा, पण काचेवर फुंकरसुद्धा नाही.

"गॅरेजात दाखवा की," त्यांची बायको शीला म्हणाली.

"अगं, हा दवबिंदूचा प्रश्न आहे. वर्षानुवर्षं शिकवतोय मी दवबिंदू! शास्त्रीय पद्धतीनं एकेक शक्यता बाद करायची."

मास्तरांनी फ्यूज बदलला. फ्यूज बाद! वायर तपासल्या. वायर बाद! मग गरम पाण्याची नळी काढून पुन्हा बसवली. आता वारा कढत यायला लागला, पण सगळा पायांवर. पोटऱ्या भाजल्या, काच तशीच.

"प्रगती आहे," मास्तर म्हणाले.

लग्नाच्या सकाळी कुकडी नदीवरून असं धुकं उठलं की रस्त्यावर कुणी दुधाचं कॅन लवंडलंय असं वाटावं. पुढे मास्तर आणि त्यांचे वडील भिमाजीतात्या, मागे शीला आणि तिच्या मांडीवर गरमागरम सांज्याच्या पोळ्यांची दुरडी. तिघांचे श्वास, त्यात पोळ्यांची वाफ! गाव सुटायच्या आत काच दुधाळ झाली.

"अहो, खिडक्या उघडा!"

"मग डिफ्रॉस्टर कशाला दिलाय गाडीला?"

"चालतोय का तो?"

"चालेल! झडप अडकलीय. पाच मिनिटांचं काम."

तात्या उपरण्यानं काच पुसत होते. पुसलं की दिसायचं, दिसलं की धरायचं. एकदा दिसलं तेव्हा समोर म्हैस होती! मास्तरांनी गाडी कडेला घेतली, पान्हे काढले आणि खाली वाकून डॅशबोर्डाखालचं झाकण उघडलं. काचेकडे जाणाऱ्या नळीत त्यांनी बोटं घातली. हाताला पिवळाधमक, ओलसर गोळा आला. त्यात खोबऱ्याचे तुकडे आणि झेंडूच्या पाकळ्या.

"तात्या, हे काय आहे?"

"भंडारा!" तात्या अभिमानानं म्हणाले. "चंपाषष्ठीला उधळला न्हाई का? टपावर टाकला की वाऱ्यानं जातोय. म्हून जाळीतनं आत भरला, चांगला दोन वंजळी. गाडीच्या काळजाला लागाया नको व्हय?"

"आत भरला?"

"यंदाच न्हाई, दरसाली भरतोय."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. पण निदान झालं होतं! आता उपचार. गोळा निघाला, पण मागचा भुगा तसाच राहिला.

"वाऱ्याच्या जोरानं उडून जाईल तो. बघाच!" आणि त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

ते उडून गेलं खरं, पण बाहेर नाही. भस्सकन पिवळा ढग उठला. मास्तरांचा पांढरा सफारी, शीलाचं जांभळं लुगडं, तात्यांच्या मिशा, पोळ्यांची दुरडी, सगळं पिवळं!

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" तात्यांनी दोन्ही हात वर केले. "देवानं सोता उधळला, पोरा!"

काचेवर तर ओली वाफ होती. तिच्यावर भंडारा बसला आणि हळदीचं पिठलं झालं. पुसावं तसं पसरत गेलं. रस्त्यालगतच्या हापशावरून पाणी आणून काच धुतली. शीलानं चारही खिडक्या उघडल्या. गार वारा आत आला, आणि उरलीसुरली वाफ बघता बघता गेली. मास्तरांनी पान्हे गोळा करून ठेवून दिले.

नारायणगावच्या स्टँडजवळ गर्दीनं गाडी अडली. उघड्या खिडकीतून एका म्हातारीनं डोकं आत घातलं. "पावणं, जेजुरीवरनं आलाव जनू! जरा भंडारा लावा की!"

"तात्या, नको! मुहूर्त..."

"थांब रं चांगद्या. देवाचं मागणाऱ्याला न्हाई म्हनू नाय."

तात्या खाली उतरले. म्हातारीमागे तिची सून, सुनेमागे केळीवाला, त्याच्यामागे एस.टी.चा कंडक्टर! प्रत्येक कपाळाला तात्या निगुतीनं बोट लावत होते आणि मास्तर हॉर्न वाजवत होते. लोकांना वाटलं, तोही देवाचाच.

कळंबला मांडव दिसला तेव्हा वाजंत्री एकदम जोरात सुरू झाली. मास्तर गाडीतून उतरून धावले. जमिनीवर अक्षतांचा सडा होता. नवरानवरीच्या गळ्यात हार होते आणि तेजस्विनीच्या पाठीशी, डोक्याला मामाचा गुलाबी फेटा बांधून, कापडदुकानदार शांतीलालशेठ उभे होते. बया दरसाल त्यांना राखी बांधायची.

"मास्तर, मुहूर्त थांबेना," शांतीलाल ओशाळून पुढे आले. "बयाताई रडायला लागली हो. शेवटी मी धरला पोरीचा हात. हा फेटा तुमचा, घ्या."

"नको, शेठ. राहू द्या," मास्तर म्हणाले. सफारी झटकायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली सोडला.

तेजस्विनी पाया पडायला वाकली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मामा, मी दोनदा मागं वळून बघितलं."

मास्तरांकडे दवबिंदू होता, फ्यूज होता, झडप होती. पण त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "चला, नवरीचे मामा! मामा या लवकर!"

मास्तर पुढे झाले.

"तुम्ही नाही हो काका. ते फेटेवाले."

"यांनापण घ्या ना," तेजस्विनी घाईनं म्हणाली आणि तिनं मास्तरांची बाही धरून त्यांना ओढलं. "हेपण माझे मामाच आहेत."

मास्तर रांगेच्या अगदी टोकाला जाऊन उभे राहिले. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं, मान हलवली आणि हातानं खूण केली.

"पिवळे मामा, जरा आत सरका. अर्धेच येताय!"